डोकं नसलेले साप

व्हिटबीला वादळ येऊन गेलं की कडा थोडा ढासळतो
आणि लेडली आजोबा गमबूट चढवून, हातोडी घेऊन निघतात.
आठवड्याचे सहा दिवस. रविवारी नाही.
रविवारी ते चॅपलमध्ये प्रवचन करतात:
सहा दिवसांत जग, सातव्याला विसावा.

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला माझ्या फार्मसीत येतात,
सुटे पैसे ठेवावेत तसा
खिशातून एखादा दगड काढून काउंटरवर ठेवतात.
गोल गुंडाळी. कडेला करंजीच्या मुरडीसारख्या रेघा.
पहिल्यांदा उचलला तेव्हा नकळत
पदर सारखा करायला हात गेला,
खांद्यावर नुसता पांढरा कोट.

आमच्या देव्हाऱ्यात हाच तर आहे.
गंडकीतला. सासूबाईंनी सोवळ्यात दिलेला,
मी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणलेला.
मँचेस्टरला कस्टमच्या बाईंना म्हटलं, दगड आहे.
खोटं नव्हतं ते.
खरं होतं असंही नाही.

इथे सांगतात, मठातल्या साध्वीनं शाप दिला
आणि साप दगड झाले.
आमच्याकडे वृंदेनं शाप दिला आणि देवच दगड झाला.
शिंपला एकाच जातीचा,
दोन्हीकडे आठवली ती एक रागावलेली बाई.
पण सापाला डोकं लागतं, या दगडांना नव्हतं.
मग कारागिरांनी छिन्नी घेऊन डोकी कोरली,
दोन डोळे, तोंडाची फट.
गोष्ट पुरी झाली. विकलीही गेली.
संग्रहालयात काचेआड आहेत ते साप.
मला त्यांचं हसू येत नाही.
गंध लावताना मी तरी दुसरं काय करते?

यवतमाळचे काका फोनवर सांगतात,
मत्स्य, कूर्म, वराह, बघ, सगळं आपल्याकडे आधीच लिहिलंय.
मी हं हं करते, तव्यावरची पोळी करपते,
आणि डायनासोर कुठल्या अवतारात बसवायचा
हे विचारायचं राहून जातं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कनकला घेऊन
त्यांच्यामागे खाली उतरले, ओहोटीला.
आजोबांनी एक गोळा नारळासारखा फोडला.
एका घावात दोन शकलं.
आत तो, काळा, ओला, आत्ताच अंघोळ करून आल्यासारखा.
"हा नोहाच्या नावेत होता?" कनक.
आजोबा हसले. "पाण्यातला जीव, बाळ.
त्याला कशाला नाव? पूर म्हणजे त्याचं घरच."
ती हिशेब करत राहिली. आठ वर्षांची आहे.
"मग तो मेला कशानं?"

भरती वळली होती.
आजोबांनी हातोडी पुसली. परत पुसली.
दोन्ही शकलं एकमेकांवर ठेवून पाहिली,
नीट बसली,
तरी फट दिसत राहिली.

मंगळवारी दुकानात आले. गोळ्यांना अवकाश होता.
टोपी हातात घेऊन म्हणाले,
"लेकीला सांग, मला माहीत नाही.
चाळीस वर्षं त्या चौथऱ्यावरून बोलतोय,
हे वाक्य तिथे कधी म्हटलं नव्हतं.
वाटलं होतं तेवढं जड नाही."
मग खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, उगाचच.
पुढच्या रविवारी काय बोलले ठाऊक नाही.
मी चॅपलला जात नाही.

एक शकल कनकनं शाळिग्रामाशेजारी मांडलंय.
तुळस इथे हिवाळा काढत नाही,
सुपरमार्केटातल्या बेझिलचं पान वाहते,
देव चालवून घेतो.
दोघांना एकाच ताम्हनात न्हाऊ घालते,
एकापाशी मंत्र येतो तोंडात,
दुसऱ्यापाशी आले की गप्प होते,
आणि पाणी जरा जास्त वेळ धरते.

दुसरं शकल लेडली आजोबांच्या खिडकीत.
उघड्या बायबलवर,
समुद्राच्या वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून.
कुठलं पान, ते मी वाकून बघितलं नाही.